माझ्या आडनावातला ळ

पोस्ट लांब आहे. ज्यांचं नाव सातबारावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी चहा घेता घेता वाचली तरी चालते.

माझं आडनाव इंगळे. तीन अक्षरं, त्यातलं शेवटचं बाळातल्या ळ चं. वलगावात मला ‘इंगये भाऊ’ म्हणतात. परतवाड्याकडचे हिंदी बोलणारे व्यापारी ‘इंगले जी’ म्हणतात. कस्टमर केअरवाली पोरगी फोनवर ‘मिस्टर इंगल’ म्हणते. आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हमखास ‘श्री. इंगोले’ येतं. इंगोले हे वेगळंच आडनाव आहे, आपल्या भागात त्यांचीही घरं आहेत. त्यांच्या पाकिटावर बहुतेक इंगळे येत असावं, म्हणजे हिशेब बरोबर.

या चारही हाकांना मी ‘ओ’ देतो. चाळिशी ओलांडली, आता कोणाला थांबवून ‘इंगले नाही हो, इंगळे’ असं शिकवत बसायची हौस राहिली नाही. राग येतो तो पाचव्या प्रकाराचा. तो कोणाच्या तोंडातून येत नाही, प्रिंटरमधून येतो आणि त्यावर शिक्का असतो.

पण आधी तोंडाचं बोलू.

आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया, केळीची केयी, काळ्याचा काया. ण चा न होतो, पाण्याचं पानी. विहिरीची इहीर होते. याला नियम आहे, कोणी मनमानी करत नाही. माझी आजी आयुष्यभर स्वतःला ‘इंगयेची सून’ म्हणत गेली. तिचं आडनाव तिला येत नव्हतं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पत्रकारितेची पदविका करताना वर्गात एक सर होते, ते ‘काये’ म्हटलं की हात वर करून थांबवायचे. त्यांचं म्हणणं, बातमीदाराचे उच्चार शुद्ध पाहिजेत. बातमी वाचताना पाहिजेत, मान्य. पण घरी आईशी बोलतानाही पाहिजेत, हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. सिनेमात, मालिकेत वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की समजायचं, आता हसायचं आहे. गंमत म्हणजे पुण्यात कोणी ‘काये?’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘काय आहे?’ असा होतो, आणि त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. आमचे एक काळे पुण्याला नोकरीला गेले. त्यांनी ‘मी काये’ अशी ओळख सांगितली तर समोरचा म्हणे, ‘काय काये?’

हिंदीवाल्यांचंही तसंच. आजच्या प्रमाण हिंदीत ळ नाही. नसलेलं अक्षर माणूस आणणार कुठून? मराठीत आहे, गुजरातीत आहे, राजस्थानीत आहे, ओडियात आहे, दक्षिणेच्या चारही मोठ्या भाषांत आहे. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत ळ आहे. म्हणजे अक्षर काही परवाचं नाही. तरी धारणी-परतवाड्याचा माझा हिंदीभाषक मित्र मला इंगले म्हणतो तेव्हा तो त्याच्या जिभेला जमेल तसं माझं नावच घेत असतो. आपणही ‘चटर्जी’, ‘मुखर्जी’ म्हणतो तेव्हा बंगाली माणूस मनातल्या मनात डोक्याला हात लावतच असेल.

तर तोंडाचं भांडण नाही. आता कागदाचं.

रोमन लिपीत ल आणि ळ दोघांनाही एकच ‘एल’. ड आणि द ला एकच ‘डी’. ढ आणि ध ला एकच ‘डी-एच’. ट-त, न-ण, सगळ्यांची तीच गत. आता कुठल्याही केंद्रावर जा. ऑपरेटर आधी इंग्रजीत नाव टाइप करतो. शेजारच्या रकान्यात यंत्र आपोआप मराठी तयार करतं. ‘एल’ दिसला की यंत्र ल देतं. ऑपरेटरला तो ल पुसून ळ करता येतो. पण बाहेर पन्नास माणसं उभी असतात, लाईट जायची भीती असते, सर्व्हर मधूनच झोपतो. ल राहतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ल आणि ळ एकाच बटणावर आहेत. नुसतं दाबलं की ल, शिफ्ट धरून दाबलं की ळ. संगणकाच्या अक्षर-यादीतही दोघं लागोपाठच्या क्रमांकावर, अगदी भिंतीला भिंत लावून. एका शिफ्टचा प्रश्न आहे. त्या एका शिफ्टपायी गावोगाव किती इंगळ्यांचे इंगले, काळ्यांचे काले आणि ढवळ्यांचे धवले झाले असतील, विचार करा.

अढाऊंचं तर बघवत नाही. अकोला-अमरावतीकडचं अस्सल आडनाव. इंग्रजीत गेलं की ‘डी-एच’, परत मराठीत आलं की अधाऊ. तायडेंचे तायदे. चऱ्हाट्यांचा तो अर्धा र यंत्राला कळतच नाही, मग त्यांचे चर्हाटे होतात. आपल्या वऱ्हाडाचंही अर्ध्या ठिकाणी ‘वर्हाड’ छापलेलं असतं, बघा कधी नीट.

आणि वानखडे. इथे तर लिपीचाही दोष नाही. आपल्या भागात वानखडे असतात. मुंबईच्या स्टेडियमचे वानखेडे असतात. ते स्टेडियम ज्यांच्या नावाचं, ते शेषराव वानखेडे आपल्याच विदर्भातले, नागपूरचे. १९७५ साली तिथे पहिली कसोटी झाली, तेव्हापासून ‘वानखेडे’ हा शब्द देशाच्या कानात बसला. परिणाम असा की २०२४ ला आपण अमरावतीतून बळवंत वानखडे यांना खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं, आणि मुंबईकडच्या कित्येक बातम्यांत ते वानखेडे होऊनच पोचले. खासदारांचं हे होतं, तर खोलापूरच्या वानखडे काकांच्या पासबुकाचं काय होत असेल!

काय होतं ते सांगतो. नाव सांगत नाही, बाईंनी नको म्हटलं.

आमच्याच भागातल्या. नवरा वारला, अडीच एकर त्याच्या नावावर. वारसाची नोंद करायची होती. सातबारावर नवऱ्याचं आडनाव इंगळे, जुनं, हाताने लिहिलेल्या काळापासूनचं. मृत्यूच्या दाखल्यावर इंगले, कारण दाखला आधारवरून बनवला आणि आधारवर इंगले होतं. बँकेत इंगोले. तिन्ही कागद एकाच पिशवीत, तिन्ही एकाच माणसाचे. मी तिथे बातमीच्या कामाने गेलो होतो. खिडकीवरचं बोलणं माझ्या कानाने ऐकलं ते असं:

“ताई, हे नाव जुळत नाही.”

“माह्याच नवऱ्याचं हाये ना जी ते.”

“असेल हो. पण इथे ल आहे, तिथे ळ आहे. आम्हाला कागद बघावा लागतो.”

“ल आन् ळ मले काय समजते, बाप्पा? आमी तं इंगयेच म्हनतो.”

तो पोरगा काही वाईट नव्हता. नीट बोलत होता, ताई म्हणत होता. पण त्याच्यापुढचं यंत्र इंगळे आणि इंगले ही दोन माणसं धरत होतं. यंत्राच्या लेखी बाई जे बोलत होत्या ते तर तिसरंच आडनाव. मग नेहमीची मालिका: दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, नोटरी, झेरॉक्स, पोलिस पाटलाची सही, पुन्हा अमरावती. वलगावहून अमरावती दहा-बारा किलोमीटर. शिकलेल्या माणसाला ते जवळ वाटतं. मजुरी पाडून जाणाऱ्या बाईला विचारा. चार खेपा झाल्या, सोयाबीनचा सोंगणीचा हंगाम त्यातच गेला.

हे आता जास्त टोचायला लागलंय त्याला कारण आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी फार्मर आयडी लागतो. तो काढताना आधारवरचं नाव आणि सातबारावरचं नाव यंत्र ताडून बघतं. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर अर्ज थांबतो आणि मंजुरीसाठी माणसाकडे जातो. माणूस म्हणजे तलाठी. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव त्यांचंही बदललं. एकेकाकडे दोन-तीन गावं. म्हणजे आधी उच्चाराची किरकोळ गंमत होती, आता तीच गोष्ट अनुदान, विमा, कर्ज यांच्या दारात कडी लावून बसली आहे.

देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०. पंधरा वर्षं झाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, मीही खाल्ले. ज्या राज्याच्या भाषेत ळ शिवाय शाळा, बाळ, फळ, आभाळ काहीच लिहिता येत नाही, त्या राज्यातल्या माणसाच्या कार्डावर त्याच्या आडनावातला ळ टिकत नाही. अभिजातपणा कुठून सुरू करायचा तर इथून करा ना.

इथे काही मंडळी म्हणतील, आणि म्हणतातच, की नावात काय ठेवलंय! तुमच्या वलगावात पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला ज्यांनी देह ठेवला, त्या गाडगेबाबांनी आडनाव सोडूनच दिलं होतं. खरं आहे. बाबा डेबूजी झिंगराजी जानोरकर. शेंडगावचे. किती जणांना जानोरकर माहीत आहे? हातातल्या गाडग्यावरून लोक गाडगेबाबा म्हणायला लागले आणि तेच नाव विद्यापीठाला लागलं. यावलीचे तुकडोजी महाराज म्हणजे माणिक बंडोजी इंगळे. होय, इंगळेच, पण त्यावरून मी काही नातं सांगत नाही. तुकड्या हे नाव त्यांना वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलं. पापळचे पंजाबराव देशमुख मूळचे कदम, देशमुखी वतनाची. विदर्भातली तीन विद्यापीठं आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या या तीन माणसांच्या नावाची, आणि तिघांपैकी एकाचंही मूळ आडनाव पाटीवर नाही. मला याचा अभिमानच आहे.

पण फरक बघा. बाबांना लोकांनी प्रेमाने नाव दिलं आणि बाबांनी ते घेतलं. माणिकने गुरूने दिलेलं नाव घेतलं. देशमुखी घराण्याने मिरवली. कोणी ऑपरेटरने टाइप करताना शिफ्ट दाबला नाही म्हणून जानोरकरांचे गाडगे झाले नाहीत. माणूस आपलं नाव सोडतो ही एक गोष्ट, आणि त्याच्या हातातून ते काढून घेऊन वर त्यालाच ‘हे तुमचं नाव आहे याचा पुरावा आणा’ म्हणणं ही दुसरी. या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकू नका.

गावांच्या नावांचं आपण सरकारदरबारी बरंच केलं. मोगलांच्या दप्तरात आपण बरार होतो, इंग्रजांनी बेरार केलं. अमरावतीचं ते ‘अमरावटी’, ‘उमरावटी’ असं काहीबाही लिहीत, आणि त्यावरूनच लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. शेतकऱ्याला आपल्या मालाचं तिकडचं नावही माहीत नसायचं. एलिचपूरचं अचलपूर झालं, पाट्या बदलल्या, नकाशे बदलले. आपलं वलगाव मात्र अजून इंग्रजीत कधी ‘व्ही’ ने येतं, कधी ‘डब्ल्यू’ ने. इंटरनेटवर एका स्पेलिंगने शोधा, दुसरी माहिती सापडत नाही. गावाला त्रास होत नाही, कारण गावाला फार्मर आयडी काढायचा नसतो.

अजून एक बोलतो, जरा अवघड आहे. आपल्याकडे आडनाव नीट ऐकून घेणारे लोकही असतात. फार नीट ऐकतात. ‘इंगळे का? कोणते इंगळे?’ इंगळे, वानखडे, तायडे ही आडनावं आपल्याकडे अनेक समाजांत आहेत, त्यामुळे आडनावाने भागत नाही, मग गाव विचारतात, मग वडिलांचं नाव, मग ‘अमुक तुमचे कोण?’ खुर्ची पुढे करायची की नाही ते त्यानंतर ठरतं. अशा माणसाच्या तोंडून अगदी स्वच्छ ळ ऐकण्यापेक्षा मला आजीचं इंगये परवडलं. आणि हेही बघितलंय, की मोठ्या वाड्यातल्या माणसाचं नाव कागदावर चुकलं तर संध्याकाळपर्यंत घरपोच दुरुस्त होतं. चुका सगळ्यांच्या होतात, खेपा ठरावीक लोकांच्या होतात.

दुरुस्तीचे मार्ग कायद्यात नाहीत असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५५ लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठीच आहे. आधारमध्ये नाव सुधारता येतं. राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देता येते, आणि हे मला सर्वात भारी वाटतं. ज्याचं नाव बदललंच नाही, त्याने ‘माझं नाव बदललं आहे’ अशी सरकारी जाहिरात द्यायची! पोराचा दाखला शाळेत असेपर्यंत सुधारतो, शाळा सोडली की तीच दुरुस्ती म्हणजे डोंगर. प्रत्येक ठिकाणी अर्ज वेगळा, पुरावा वेगळा, आणि पुरावा म्हणून जो कागद मागतात त्याच्यावरही नाव चुकलेलंच.

माझं म्हणणं फार मोठं नाही. नाव जुळवणाऱ्या यंत्राला एवढं शिकवा की मराठी नावात ल-ळ, न-ण, ड-द, ढ-ध एवढाच फरक असेल आणि बापाचं नाव, गाव, गट नंबर जुळत असेल, तर तो माणूस एकच धरायचा. हे करायला चंद्रावर जावं लागत नाही. रोमनवरून आलेलं मराठी नाव ऑपरेटरने छापण्याआधी समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तर हे हवंच, कारण त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं. आणि त्या बाईंसारखं कोणी ‘इंगये’ म्हणालं, तर जुना सातबारा बघून ळ लिहायचा, ‘तुम्हीच नीट सांगा’ म्हणून तिच्यावर टाकायचं नाही. चूक कार्यालयाची असेल तर दुरुस्तीचा खर्च आणि खेप कार्यालयाची. प्रतिज्ञापत्र नागरिकाकडून कशाला? ज्याने चुकवलं त्याने लिहून द्यावं.

काही अधिकारी मित्र म्हणतील, अशी सूट दिली तर बोगस माणसं घुसतील. भीती खोटी नाही. जमिनीच्या कागदांत एका अक्षराचा फायदा घेऊन दुसऱ्याची जमीन लाटल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. म्हणून तर गट नंबर आणि गावची चौकशी सोबत ठेवा म्हणतोय. पण लाटणारा माणूस कागद पक्के करूनच येतो हो. त्याचा ळ बरोबर असतो.

माझ्या स्वतःच्या कागदांचा हिशेब विचाराल तर: दहावीच्या सनदेवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए’ आहे, पदविकेवर नाही, आधारवर ल, मतदार यादीत ळ, आणि एका कार्यालयाने दिलेल्या ओळखपत्रावर इंगोले. ते परत दिलं तर सहा महिन्यांनी नवीन आलं, त्यावर आडनाव बरोबर आणि फोटो दुसऱ्याचा. मला निदान भांडता येतं, चार लोक ओळखतात, पेपरात दोन ओळी लिहिता येतात.

आता कामाचं. वलगाव आणि आसपासच्या गावांतल्या ज्यांचा फार्मर आयडी, वारस नोंद किंवा कुठलाही अर्ज फक्त नावातल्या अक्षरामुळे अडला आहे, त्यांनी मला मेसेज करा. आधार नंबर, खाते नंबर काही पाठवू नका, कोणालाच पाठवू नका. फक्त एवढं लिहा: सातबारावर आडनाव कसं आहे, आधारवर कसं आहे, अर्ज कधीपासून थांबलाय, किती खेपा झाल्या. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवा, इंगये म्हणा, काये म्हणा, मला समजते. पुढच्या आठवड्यात यादी घेऊन तहसीलला जातोय. पन्नास नावं एका कागदावर गेली तर त्यांना एका दिवसाचं शिबिर गावातच लावा असं म्हणता येईल. त्या ताईंचं प्रकरण यादीत पहिलं आहे. त्यांच्या बँकेतलं इंगोले अजून सुटलेलं नाही.